‘रत्नागिरी हापूस’च्या नावाने घेतलेल्या डोमेन नावांबाबत निवेदन

दिनांक :
ठिकाण : रत्नागिरी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, रत्नागिरी

विषय : हापूसच्या भौगोलिक मानांकनाला डोमेन नावांच्या वादात ट्रेडमार्कप्रमाणेच मान्यता मिळवून देण्याबाबत.

महोदय,

आम्ही रत्नागिरी तालुक्यातील आंबा बागायतदार आणि ग्राहकाच्या घरी थेट पेटी पोहोचवणारे लहान विक्रेते. दलालावर अवलंबून राहायला नको म्हणून आमच्यातील अनेकांनी स्वतःची संकेतस्थळे काढली. परंतु पत्त्यात ‘रत्नागिरी’ आणि ‘हापूस’ हे दोन्ही शब्द असलेली कित्येक नावे, ज्यांचे इथे एक कलमही नाही, अशांनी आधीच घेऊन ठेवलेली आढळली. त्यांतील काही संकेतस्थळांवरून परराज्यातला आंबा आमच्या गावाच्या नावाने विकला जातो. पेटी उघडल्यावर फसलेला ग्राहक दोष रत्नागिरीला देतो आणि पुढच्या वर्षी आमच्याकडेही फिरकत नाही.

हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते लागू आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आणि उत्पादकांच्या संस्थांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 1999 च्या मानांकन कायद्याच्या कलम 25 नुसार बाहेरच्या मालासाठी हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. मात्र तेच नाव डोमेन म्हणून घेताना कोणीही अडवत नाही. जो आधी मागेल त्याला नाव मिळते. बाग कुठे आहे, हे विचारले जात नाही.

डोमेन नावावरून फसवणूक झाल्यास दाद मागता येते, हे आपल्या न्यायालयांनी पूर्वीच मान्य केले आहे. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’शी साधर्म्य असलेले ‘रॅडिफ’ हे नाव वापरण्यास मनाई केली. 2004 मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्क कायद्यातील संरक्षण लागू होते असा निर्वाळा दिला. या दोन्ही लढाया मोठ्या कंपन्यांच्या होत्या. दोन-चार एकरांच्या बागायतदाराने हंगाम सोडून मुंबईच्या कोर्टात तारखा करायच्या, ही अपेक्षा रास्त नाही.

स्वस्त आणि जलद मार्ग म्हणजे निक्सीचे, अर्थात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाचे, ‘डॉट इन’ नावांसाठी 2005 पासून लागू असलेले तंटा निवारण धोरण. त्यात नाव, ट्रेडमार्क आणि सेवाचिन्ह यांचा उल्लेख आहे. भौगोलिक मानांकनाचा स्पष्ट उल्लेख नाही. हा तपशील किती महागात पडतो, हे फ्रान्सच्या शॅम्पेन उत्पादकांच्या अनुभवावरून दिसते. ‘शॅम्पेन डॉट को’ या नावाबद्दल त्यांनी केलेली तक्रार 2011 मध्ये फेटाळली गेली, कारण ती ज्या आंतरराष्ट्रीय धोरणाखाली केली होती ते ट्रेडमार्कचे रक्षण करते आणि नुसते मानांकन त्यात बसत नाही. शॅम्पेनवाल्यांची ही गत, तर आमचा पाड काय लागणार?

म्हणून आमची मुख्य मागणी एकच : 1999 च्या कायद्याखाली नोंदलेले भौगोलिक मानांकन हा तक्रारीचा स्वतंत्र आधार म्हणून निक्सीच्या धोरणात शब्दशः नमूद व्हावा. तशी शिफारस आपण राज्य शासनामार्फत केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे पाठवावी.

ही दुरुस्ती होईपर्यंत मानांकनधारक संस्थांनी सध्याच्याच धोरणातील ‘नाव’ या शब्दाच्या आधारे एकत्रित तक्रार दाखल करावी आणि तिचे शुल्क व वकिलाचा खर्च कृषी पणन मंडळाने उचलावा, यासाठी आपण पुढाकार घ्यावा. तसेच ‘हापूस’ या नावाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येकाने आपला मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता क्रमांक पहिल्याच पानावर दाखवावा, असा आग्रह शासनाने धरावा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात फेब्रुवारी ते मे या काळात अशा तक्रारींसाठी एक कर्मचारी नेमावा.

एका गोष्टीची काळजी मात्र आवर्जून घ्यावी. रत्नागिरी हे आमच्या शहराचे नाव आहे आणि ते इथल्या खाणावळीचे, वर्तमानपत्राचे, काजूवाल्याचेही आहे. प्रामाणिक माणसाचे संकेतस्थळ या कारवाईत बंद पडू नये. आमचा आक्षेप फक्त दुसरीकडचा आंबा या नावाने विकण्याला आहे.

यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी विद्यापीठ, मानांकनधारक संस्था, पणन मंडळ आणि सायबर पोलीस यांची एकत्र बैठक बोलवावी आणि तिला आमचे प्रतिनिधी निमंत्रित करावेत, ही विनंती.

आपले विश्वासू,
आंबा बागायतदार व विक्रेते, रत्नागिरी तालुका

सोबत : संबंधित संकेतस्थळांच्या पानांच्या छापील प्रती
प्रत माहितीसाठी : नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, नवी दिल्ली