विश्लेषण : संगणकाचा वेग महत्त्वाचा की प्रोसेसरची सुरक्षा?

प्रोसेसरमधील 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या त्रुटी ३ जानेवारी २०१८ रोजी जगासमोर आल्या. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एकामागून एक संरक्षक उपाय येत गेले आणि प्रत्येकाने थोडा थोडा वेग खाल्ला. त्यामुळे 'हे उपाय बंद केले तर काय बिघडेल?' असा प्रश्न सर्व्हर सांभाळणाऱ्यांपासून घरी गेम खेळणाऱ्यांपर्यंत अनेक जण विचारतात.

त्रुटी नेमकी काय?

आधुनिक प्रोसेसर मेमरीतून माहिती येईपर्यंत रिकामा बसत नाही. पुढे कोणते काम येईल याचा अंदाज बांधून ते आधीच उरकू लागतो. अंदाज चुकला तर केलेले काम रद्द होते, मात्र त्याच्या खुणा 'कॅश' या वेगवान मेमरीत उरतात. कॅशमधील माहिती लवकर मिळते, बाहेरची उशिरा. वेळेतला हा सूक्ष्म फरक मोजून, वाचण्याची परवानगी नसलेली माहितीही ओळखता येते. मेल्टडाउनमुळे, मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरवर, साध्या प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची म्हणजे कर्नलची मेमरी वाचता येत होती. स्पेक्टरमध्ये प्रोसेसरचा अंदाजच फसवला जातो. त्याचा फटका इंटेल, एएमडी आणि आर्म या तिन्हींना बसला.

उपायांमुळे वेग का घटतो?

मेल्टडाउन रोखण्यासाठी कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्या मेमरीचे नकाशे वेगळे करण्यात आले. त्यामुळे प्रोग्रॅमने कर्नलकडे काही मागितले, की नकाशा बदलावा लागतो. डेटाबेस, नेटवर्क आणि डिस्कची कामे अशी मागणी सतत करतात, म्हणून त्यांना झळ जास्त बसते. स्वतःची आकडेमोड करत राहणाऱ्या प्रोग्रॅमला फरक फारसा जाणवत नाही.

स्पेक्टरवर गूगलने 'रेटपोलिन' हा तुलनेने स्वस्त उपाय शोधला. पण काही प्रोसेसरवर तोही चुकवता येतो, हे २०२२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी 'रेटब्लीड' हल्ल्याद्वारे दाखवले. त्यांच्या मोजणीनुसार नव्या उपायांचा भार एएमडीवर १४, तर इंटेलवर ३९ टक्क्यांपर्यंत होता.

उपाय बंद करता येतात?

लिनक्समध्ये २०१९ पासून एकाच पर्यायाने बहुतेक उपाय बंद करता येतात. इंटरनेटपासून तोडलेल्या, एकाच संस्थेचे स्वतःचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या गणनयंत्रांसाठी तो विचार रास्त ठरू शकतो. घरच्या संगणकाचे तसे नाही. तिथे ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाबरोबर अनोळखी कोड आणून चालवतो. क्लाउडमध्ये तर एकाच प्रोसेसरवर अनेक ग्राहकांची कामे शेजारी शेजारी चालतात. शिवाय नव्या प्रोसेसरमध्ये काही दुरुस्त्या हार्डवेअरमध्येच आहेत. तिथे उपाय बंद करून हाती फारसे काही लागत नाही.

मधला मार्ग कोणता?

२०१८ च्या अखेरीस लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत एक उपाय सरसकट लागू झाला आणि काही कामांचा वेग निम्म्यापर्यंत घसरल्याच्या तक्रारी आल्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर आक्षेप घेतला. शेवटी ज्या प्रोग्रॅमला गरज आहे त्यानेच तो मागावा, अशी रचना झाली. ओपनबीएसडीने त्याच वर्षी उलटा मार्ग धरला आणि इंटेलवरील हायपरथ्रेडिंगच मूळ सेटिंगमध्ये बंद केले.

२०२५ मधील लिनक्स ६.१७ पासून धोका कोणाकडून आहे, प्रोग्रॅमकडून की क्लाउडमधील पाहुण्या यंत्राकडून, हे सांगून त्यानुसार उपाय निवडता येतात. त्याच वर्षी उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल आणि इंटेल यांनी इंटेलच्या ग्राफिक्स गणनेच्या सॉफ्टवेअरमधील स्पेक्टरविरोधी उपाय काढण्याचे ठरवले. कर्नल ते काम आधीच करत असल्याने दुसऱ्या भिंतीची गरज उरली नव्हती. त्यातून २० टक्क्यांपर्यंत वेग मिळण्याची अपेक्षा व्यक्त झाली.

निर्णय कोणी, कसा घ्यावा?

आधी स्वतःच्या कामावर मोजणी करावी, कारण दुसऱ्याच्या चाचणीतले टक्के आपल्याला लागू पडतीलच असे नाही. मग यंत्रावर कोणाचा कोड चालतो आणि माहिती कोणाची आहे, हे पाहावे. कोड आणि माहिती दोन्ही स्वतःची असतील, तर जोखीमही स्वतःची. मात्र माहिती ग्राहकांची असेल, तर वेगाचा लाभ एकाला आणि धोका दुसऱ्याला, असा तो सौदा होतो. मंदावलेला सर्व्हर लगेच लक्षात येतो. अशा हल्ल्यांची नोंद मात्र नेहमीच्या लॉगमध्ये सापडत नाही, त्यामुळे माहिती फुटल्याचे कळेलच असे नाही. म्हणून मूळ सेटिंगमध्ये उपाय सुरूच असावेत आणि जो ते बंद करू इच्छितो, त्याने कारण द्यावे.