गोल कोणी मारला, एवढंच विचारू नका

आइस हॉकीत गोल झाला की नोंदवहीत बहुतेक वेळा तीन नावं चढतात. पहिलं नाव ज्याने पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, जाळ्यात मारली त्याचं. उरलेली दोन ज्यांच्या स्टिकवरून ती त्याच्यापर्यंत पोचली त्यांची. खेळाडूच्या खात्यात गोलला एक गुण आणि प्रत्येक असिस्टलाही, म्हणजे अशा पासलाही, एकच गुण. मारणारा आणि मिळवून देणारा हिशेबात अगदी सारखे.

मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या आईवडिलांनी आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी हा हिशेब नीट समजून घ्यावा, म्हणून हे लिहितो आहे. खेळ लांबचा आहे, हे खरं. आपल्या देशात तो मुख्यतः लडाखमध्ये, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळला जातो. पण संघाने खेळायचं म्हणजे काय करायचं, हे त्यात जितकं उघड दिसतं तितकं मला दुसरीकडे क्वचित दिसलं.

या खेळातलं सर्वांत मोठं नाव वेन ग्रेट्स्की. कॅनडातल्या ब्रँटफर्डचा हा मुलगा घरामागच्या अंगणात वडिलांनी पाणी सोडून गोठवलेल्या बर्फावर शिकला. १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं तो एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. गोल ८९४. हा विक्रम २०२५ मध्ये अलेक्झांडर ओवेच्किनने मोडला आणि त्याची जगभर बातमी झाली. ग्रेट्स्कीचे असिस्ट मात्र १९६३ आहेत, आणि त्यांच्या जवळपासही कोणी नाही. गुणांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या यारोमीर यागरचे गोल आणि असिस्ट मिळून १९२१ होतात. म्हणजे ग्रेट्स्कीने जन्मात एकही गोल केला नसता, तरी नुसत्या पासवर तो पहिलाच राहिला असता.

तो अंगाने किरकोळ होता. धिप्पाड बचावपटू धडक मारून त्याला सहज आडवा करू शकले असते. म्हणून त्याने उभं राहायला वेगळीच जागा निवडली : प्रतिस्पर्ध्यांच्या गोलच्या मागे. तिथे पक घेऊन तो थांबायचा. समोर जाळी, त्यामुळे बचावपटूला सरळ अंगावर येता येत नाही. डावीकडून आला तर हा उजवीकडे सरकणार. गोलरक्षकाला मान वळवून मागे बघावं लागतं, आणि तो मागे बघत असतो तेवढ्यात ग्रेट्स्कीचा सहकारी यारी कुर्री पुढून मोकळ्या जागेत आलेला असतो. पास, फटका, गोल. ग्रेट्स्की उभा होता तिथून त्याला स्वतःला गोल मारणं जवळजवळ अशक्य होतं. जगातला सर्वांत मोठा खेळाडू अशा जागी जाऊन थांबायचा, जिथून फक्त दुसऱ्यालाच संधी देता येते.

आता दुसरी गोष्ट, शिफ्टची. एका संघाचे पाच खेळाडू आणि गोलरक्षक बर्फावर असतात, बाकीचे बाकावर. गोलरक्षक सोडला तर बर्फावरचा प्रत्येक जण साधारण पाऊण मिनिट जीव तोडून धावतो आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून बाहेर येतो. त्याच्या जागी दुसरा उडी मारून आत. खो-खोत खो मिळालेला ताज्या दमाचा गडी धावतो आणि दमलेला बसतो, तसंच. इथे मोह असतो तो आत थांबण्याचा. अजून थोडं, कदाचित मलाच गोल मिळेल! पण पाय जड झालेले असतात. पक उलट्या बाजूला गेला की आत थांबलेला खेळाडू परतू शकत नाही आणि समोरचा ताजा खेळाडू त्याला ओलांडून निघून जातो. गोल खाल्ला जातो तो सगळ्या संघावर. वेळेवर बाहेर येणं हेही संघासाठी केलेलं कामच आहे. पण टाळ्या त्याला पडत नाहीत, म्हणून मुलांना ते मुद्दाम शिकवावं लागतं.

तिसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्याची. १९८३ मध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत ग्रेट्स्कीच्या एडमंटन ऑयलर्सना न्यूयॉर्क आयलंडर्सनी चार सामन्यांत चारही वेळा हरवलं. आयलंडर्सचा हा सलग चौथा कप. हरल्यावर ग्रेट्स्की आणि त्याचा सहकारी केव्हिन लो आयलंडर्सच्या खोलीवरून निघाले. आत जल्लोष चालला असेल आणि तो बघवणार नाही, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात जिंकलेले खेळाडू गुडघ्याला, खांद्याला बर्फ लावून बसले होते. ग्रेट्स्कीने ही आठवण पुढे स्वतः सांगितली आहे. जिंकायला काय मोजावं लागतं, ते त्या दिवशी कळलं, असं तिचं सार. पुढच्याच वर्षी त्याच आयलंडर्सना हरवून ऑयलर्सनी पहिला कप घेतला.

स्पर्धेचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. समोरचा आपल्यापेक्षा चांगला असेल तर त्याच्याकडे बघून शिकता येतं. त्याचा राग धरला तर ते बघणंच बंद होतं. एनएचएलच्या बाद फेऱ्यांत एक मालिका सात सामन्यांपर्यंत चालते. माणसं एकमेकांना कठड्यावर आपटतात, दात पडतात. मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांशी हात मिळवतात. हरलेलेही मिळवतात, त्याच दिवशी, त्याच बर्फावर.

आणि एकटा माणूस कितीही मोठा असला तरी पुरत नाही, हेही याच कहाणीत आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये ऑयलर्सनी ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिस किंग्जकडे पाठवलं. १९९० मध्ये मार्क मेसियरच्या नेतृत्वाखाली ऑयलर्सनी त्याच्याशिवाय कप जिंकला. ग्रेट्स्कीला नंतर अकरा हंगामांत तो पुन्हा कधी मिळाला नाही.

कप दुसऱ्याच्या हाती देण्याचीही एक गोष्ट आहे. २००१ मध्ये कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच हा संघ जिंकला तेव्हा कर्णधार जो सॅकिकच्या हातात कप आला. तो आधी कर्णधाराने डोक्यावर उचलायचा, ही रीत. सॅकिकने तो तसाच आपला सहकारी रे बोर्क याच्या हातात दिला. बोर्क चाळीस वर्षांचा होता, बावीस हंगाम खेळला होता आणि हा त्याचा पहिला आणि शेवटचा कप होता.

आपल्याकडे मूल सामना खेळून घरी आलं की पहिला प्रश्न असतो, ‘तू किती गोल मारलेस?’ फुटबॉल असो, हॉकी असो, बास्केटबॉल असो, प्रश्न तोच. कडेला उभे राहून ‘तूच मार, देऊ नकोस!’ असं ओरडणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. पोर गोंधळतं. शिक्षक पास दे म्हणतात, बाबा मार म्हणतात, आणि ते शेवटी बाबांचं ऐकतं. माझी कळकळीची विनंती आहे की हे थांबवा. घरी आल्यावर विचारा, ‘आज कोणाला पास दिलास? तुला कोणी दिला?’ मुलाला दुसरं नाव सांगता आलं नाही तर रागावू नका, पुढच्या वेळी लक्ष ठेव एवढंच सांगा. समोरच्या संघातलं कोण चांगलं खेळलं, हेही विचारा.

क्रीडाशिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना सांगणं आहे की गुणपत्रकात असिस्टचा रकाना आखा. त्याला कागदाची एक रेघ आणि लक्ष ठेवणारा एक विद्यार्थी लागतो, दुसरा खर्च नाही. बक्षीस समारंभात गोल मारणाऱ्याचं नाव पुकाराल तेव्हा ज्याने पास दिला त्यालाही मंचावर बोलवा. येत्या हंगामातल्या पहिल्या सामन्यापासून सुरुवात करा.