औषधं अर्धवट सोडली असतील!

क्षयाच्या रोग्याबद्दल आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. “औषधं अर्धवट सोडली असतील!” त्यातून टीबी साध्या गोळ्यांना दाद न देणारा निघाला, की मग विचारायलाच नको. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं बहुधा. पण ते एकदा म्हटलं की आपली जबाबदारी संपते, रोगी दोषी ठरतो आणि आपण चहा प्यायला मोकळे.

मला या वाक्याचा राग येतो. म्हणून आज त्यावरच लिहिते आहे. मी डॉक्टर नव्हे हे आधीच सांगून टाकते. मराठी माध्यमातली बी. ए., आणि एकतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचत होते, जाणकारांना प्रश्न विचारून भंडावत होते. कारण घरातलंच आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू. (नातलग मंडळी ओळखतीलच. त्याला विचारूनच लिहिते आहे, तेव्हा फोन करून मला ओरडू नका.) वय वर्षं सव्वीस, मुंबईत नोकरी, चौघांत मिळून एक खोली. खोकला सुरू झाला. जवळच्या एका डॉक्टरांनी औषध दिलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा खोकला. पुन्हा औषध. असं दोन महिने चाललं. नंतर कळलं, की त्या औषधांत अशा एका गटातलं प्रतिजैविक होतं जे टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं. रोग मरत नाही, लपतो. निदान लांबतं. नऊ किलो वजन गेल्यावर थुंकी तपासली गेली, तेव्हा टीबी निघाला आणि रिफॅम्पिसिनला न जुमानणारा निघाला.

आणि मग ते वाक्य. शेजारी, ऑफिसातले, अगदी आपल्या घरातलेसुद्धा. शेवटी वैतागून तो मला म्हणाला, “मावशीआजी, मी एकही गोळी चुकवली नाही गं. चुकवायला आधी पहिली गोळी तरी सुरू व्हायला हवी होती ना!”

हे कसं होतं ते मला आधी समजत नव्हतं. समजलं ते माझ्या शिक्षकी भाषेत सांगते. क्षयाचे जंतू फुफ्फुसात कोट्यवधी असतात. त्यांत लाखो-कोट्यवधींमागे एखादा जन्मतःच असा असतो, की एका विशिष्ट औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आता शाळेच्या फाटकावर एकच शिपाई असेल, तर त्याला गुंगारा देणारं एखादं पोरगं सापडतंच. पण एकामागे एक चार शिपाई उभे केले, तर चौघांनाही चुकवणारं पोरगं मिळणं कठीण. म्हणून टीबीत एकदम तीन-चार औषधं देतात. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, तेव्हा ते एकटंच देऊन बघितलं होतं. रोगी आधी सुधारले आणि नंतर त्यांतले बरेच पुन्हा खालावले, कारण मागे उरले ते नेमके न दबणारे जंतू. म्हणजे हा धडा जगाला पहिल्याच औषधाबरोबर मिळालेला आहे.

आता गोळ्या मध्येच सोडल्या, कमी पडल्या किंवा चुकीच्या दिल्या तर असे जंतू शिल्लक राहतात आणि वाढतात, हे अगदी खरं. ते मी नाकारत नाही. गोळ्या पूर्ण घेतल्याच पाहिजेत, त्यात सूट नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. असा माणूस खोकतो तेव्हा हवेत जातात ते तेच हट्टी जंतू. त्या हवेत श्वास घेणाऱ्या दुसऱ्याला रोग होतो तो पहिल्या दिवसापासूनच औषधांना दाद न देणारा! त्यानं काय अर्धवट सोडलं? लोकलमध्ये श्वास घेतला, एवढंच.

आपल्या देशात २०१४ ते २०१६ या काळात औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची देशव्यापी पाहणी झाली. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन मुख्य औषधं ज्यांच्यावर चालत नाहीत, असे रोगी पूर्वी उपचार घेतलेल्यांमध्ये ११.६ टक्के होते आणि नव्या रोग्यांमध्ये २.८४ टक्के. दुसरा आकडा लहान दिसतो ना? पण नवे रोगी संख्येनं कितीतरी जास्त असतात. तेव्हा टक्के सोडून माणसं मोजली, तर या नव्यांचा ढीग फार मोठा होतो. गणिताच्या बाई नसूनही एवढं मला कळतं.

बरं, अर्धवटपणा फक्त रोग्याचाच असतो का? मुंबईतलेच दोन अभ्यास सांगते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर खासगी डॉक्टरांना टीबीची औषधं लिहायला सांगितली, तर त्यांनी ऐंशी वेगवेगळ्या तऱ्हा लिहिल्या. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हा, आणि बरोबर उत्तर लिहिणारे फक्त सहा. वर्गात असा निकाल लागला असता तर हेडमास्तरांनी आधी शिक्षकालाच बोलावलं असतं. (याच उदवाडियांनी २०११च्या अखेरीस मुंबईत जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणारे रोगी सापडल्याचं जगाला सांगितलं होतं, आणि केवढा गहजब झाला होता! पण २०१२च्या मे महिन्यात टीबीच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं.)

निदानाचंही तसंच. रक्तातली प्रतिद्रव्यं तपासून टीबी ओळखण्याच्या चाचण्या आपल्याकडे वर्षानुवर्षं सर्रास चालल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली त्या वापरूच नका म्हणून सांगितलं आणि २०१२मध्ये भारतानं त्यांवर बंदी घातली. तोपर्यंत किती जणांना नसलेला टीबी झाला असेल आणि किती जणांचा असलेला राहून गेला असेल, कोण जाणे.

आणि औषधांचा पुरवठा? २०२४च्या मार्चमध्ये टीबीच्या औषधांची टंचाई झाली आणि केंद्र सरकारनं राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करून घ्यायला सांगितलं. गरीब माणूस रोज बुडवून केंद्रावर जातो आणि गोळ्याच नाहीत म्हणून परत येतो, तेव्हा औषध कोणी सोडलं? माणसानं की औषधानं माणसाला?

मी भाषेची बाई, त्यामुळे माझं लक्ष शब्दांकडे जातं. उपचार सुटलेल्या रोग्याला कागदोपत्री ‘डिफॉल्टर’ म्हणत. हा बँकेचा शब्द, कर्ज बुडवणाऱ्याचा! आणि तपासणीला आलेल्याला ‘संशयित’, जसा पोलीस चौकीत असतो तसा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली आपल्या व्याख्यांतून हे दोन्ही शब्द काढले. कागदावरून गेले, आपल्या तोंडातून अजून जायचे आहेत.

आता ताट-वाटीचा विषय. हा विषय निघाला की आमच्या पिढीतल्या बायका सर्वांत ठाम असतात. रोग्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, कपडे वेगळे भिजवायचे. मंडळी, टीबी ताटातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा जंतू असलेले सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. कोंदट खोलीत बराच वेळ, उघड्यावर फार थोडा वेळ. म्हणून स्टीलच्या वाट्या वेगळ्या करण्यापेक्षा खिडकी उघडा! शिवाय मानेच्या गाठीचा किंवा मणक्याचा टीबी सहसा दुसऱ्याला लागतच नाही. तरी गाठीचा टीबी झालेल्या किती मुलींची लग्नं मोडली, हे या वयात आम्ही सांगू शकतो. आणि लग्न मोडेल या भीतीनं किती जणींच्या गाठी ओढणीखाली लपवल्या गेल्या, तेही.

या बाबतीत एक जुना प्रयोग मला फार आवडला. १९५०च्या दशकात सगळीकडे समज असा होता, की टीबी झाला की सॅनेटोरियम. आपल्याकडे मिरजेला होतं, माणसं महिनोन् महिने तिथे राहायची. तेव्हा मद्रासमध्ये रोग्यांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, चांगलं अन्न, विश्रांती, मोकळी हवा. दुसरा आपापल्या घरी, गरीब वस्तीत, दाटीवाटीत, जेमतेम अन्नावर. औषधं दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि घरी ठेवल्यामुळे त्यांच्या घरच्यांना रोग जास्त झाला, असंही दिसलं नाही. कारण योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग झपाट्यानं कमी होतो. साऱ्या जगानं त्यानंतर सॅनेटोरियमं बंद करायला घेतली. आणि आपण साठ-पासष्ट वर्षांनी अजून ताटं वेगळी करतो आहोत!

पण ‘योग्य औषधं’ हे शब्द महत्त्वाचे. हट्टी जंतूला साधी औषधं दिली तर रोगी गोळ्या खात राहतो आणि खोकत राहतो, पसरवत राहतो. म्हणून आधी कळलं पाहिजे की जंतू कुठल्या जातीचा. छातीचा एक्स-रे हे सांगू शकत नाही. दुर्बिणीखालची थुंकीही नाही. जंतू वाढवून तपासायचे तर कित्येक आठवडे जातात, कारण हा प्राणी इतका संथ, की एकाचे दोन व्हायला त्याला पंधरा-वीस तास लागतात. आता मात्र अशी यंत्रं आहेत, की थुंकीतला टीबी आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही हे काही तासांत सांगतात. त्यांतलं ट्रूनॅट हे तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते. टीबी म्हटल्यावर पहिला प्रश्न ‘कोणती गोळी?’ हा नव्हे, ‘तपासणी त्या यंत्रावर झाली का?’ हा विचारा.

जेवणाबद्दल थोडं. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन पाहिला, त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. ज्या घरांना शिधा मिळाला तिथे नवे रोगी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी. डाळ-तांदळानं! सरकार रोग्याला महिन्याला पाचशे रुपये देत होतं, ते २०२४च्या नोव्हेंबरपासून हजार झाले. हजारात आज किती डाळ येते ते आपण सगळे जाणतो. असो.

आमच्या पोराचं नशीब एका बाबतीत चांगलं. दहा वर्षांपूर्वी हा आजार झाला असता तर दीड-दोन वर्षं उपचार आणि त्यांत काही महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी टीबीच्या उपचारात ऐकू येणं गमावलं. पुढे याच दोघींनी बेडाक्विलिनवरच्या पेटंटची मुदत वाढवून मिळू नये म्हणून भारतात हरकत घेतली, आणि २०२३च्या मार्चमध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे हे औषध स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. २०२४च्या सप्टेंबरात भारतानं बेडाक्विलिनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. आमचा नातू तेच घेतो आहे. इंजेक्शन नाही. पायाला मुंग्या येतात, दर काही दिवसांनी रक्त तपासावं लागतं, हृदयाचा आलेख काढावा लागतो. पण ऐकू येतं. माझं फोनवरचं व्याख्यानसुद्धा!

भारतातून टीबी हटवण्यासाठी २०२५ हे साल ठरवलं होतं. ते गाठता आलं नाही. २०२३मध्ये जगात जेवढे नवे रोगी झाले त्यांतले चारांतले एक आपल्याकडचे होते. रोग्याला दोष देण्यात आपला जेवढा वेळ जातो, तेवढा त्याच्या आसपासच्यांना तपासण्यात गेला असता तर काही फरक पडला असता, असं माझं मत आहे. आणि खोकल्याची वाट पाहूनही भागत नाही. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रोगी केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते हुकलेच असते.

म्हणून नातवाच्या खोलीतल्या तिघांच्या मागे मी लागले आहे. दोघांनी एक्स-रे काढला, दोघांचाही स्वच्छ आहे. तिसरा अजून गेलेला नाही. खोलीमालकाला कळलं तर चौघांनाही बाहेर काढेल, ही त्याला भीती. गावी लग्नाचं बोलणं चालू आहे, ती दुसरी. परवा त्याला मी स्वतः फोन केला. खूप वेळ ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. मग म्हणाला, “बघतो आजी, रविवारी सुट्टी आहे.” रविवारी एक्स-रेची खोली बंद असते हे मला ठाऊक होतं, म्हणून सोमवारी अर्धी रजा टाक म्हटलं. अजून त्याचा फोन आलेला नाही.