'कर' म्हणजे इथला?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत 'मूळचे कोण, उपरे कोण' हा वाद पेटला की आडनावांची झडती सुरू होते. शेवटी 'कर' आढळला की माणूस इथला ठरतो. आजचा धागा या समजुतीच्या विरोधात आहे.

पेणमध्ये राहणाऱ्याला 'पेणकर' कोण म्हणणार? तिथे सारेच पेणचे. गाव सोडून माणूस परमुलखात वसला, की तिथले लोक त्याला मागे राहिलेल्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राकृत दानलेख पाहा. कल्याणहून आलेल्या दात्यांची ओळख तिथे कल्याणच्या नावाने कोरलेली आहे. घरच्या गावात ती सांगण्याचे कारणच पडले नसते.

वतनाच्या गावावरून पडलेली आडनावेही असतात, हे मान्य. पण त्यांचाही भरवसा धरू नये. इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आडनावे हळूहळू वंशपरंपरागत होत गेली. बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक सरदार 'हर्टबर्न' या जहागिरीचे नाव लावीत असे. पुढे त्याला डरहॅम परगण्यातील दुसरे गाव मिळाले आणि त्याने आडनावच बदलले. ते गाव म्हणजे वॉशिंग्टन. जॉर्ज वॉशिंग्टन याच घराण्यातला. जहागिरीची ती अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेच्या राजधानीचे नाव आज काय असते, याची कल्पना करून पाहावी.

आता आपल्या अंगणात येऊ. ठाण्यात १८७९ सालचे सिनेगॉग आहे, बेने इस्रायली ज्यूंचे. हा समाज मूळ कुलाब्याच्या गावांतला, तेलाचे घाणे चालवणारा. शनिवारी काम बंद ठेवी, म्हणून 'शनवार तेली'. मुंबई-ठाण्याकडे सरकताना त्यांनी गावे आडनावांत बांधून आणली : पेणकर, रोहेकर, किहीमकर. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारा कंपनी फौजेतला अधिकारी इंग्रजीत सॅम्युएल इझिकेल दिवेकर, मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. भाषा बदलली तशी स्वतःचे आणि वडिलांचे नाव बदलले. गाव मात्र दोन्हीकडे टिकले. 'बूट पॉलिश' (१९५४) मधले जॉन चाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर चेऊल गळाले आणि प्रेक्षकांना ते 'बाहेरचे' वाटू लागले. पाटीवर चेऊलकर लिहिले असते तर तेच प्रेक्षक त्यांना जातीत बसवायला धावले असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. 'कर' हा भूमिपुत्रत्वाचा दाखला नव्हे. बहुतेक वेळा ती स्थलांतराची नोंद आहे. डोंबिवलीतल्या एखाद्या इमारतीचा नामफलक वाचा : सावंतवाडकर, चिपळूणकर, सोलापूरकर. यांतले एकही गाव डोंबिवलीत नाही. फरक इतकाच, की त्यांचे पूर्वज आधीच्या गाडीने आले आणि शेजारचे यादव नंतरच्या.