काढ्याची तहकीकात

अक्कलकोट तालुक्यातील दुधनीसारख्या, कर्नाटकाच्या सीमेला खेटून असलेल्या आणि मराठी-कानडी एका दमात बोलणाऱ्या गावी कोणाच्या फुप्फुसात कर्करोग निघाला, की सोलापूरच्या वा बार्शीच्या रुग्णालयाची वाट धरण्यापूर्वीच घरात झाडपाल्याची चर्चा सुरू व्हावी, हे स्वाभाविक आहे; उद्या त्या चर्चेत चिनी वनौषधींचे नाव निघाले, तर तिला थोतांड म्हणून झिडकारणारांच्या पंक्तीस मी बसणार नाही.

कारण चीनमधील काम्पटोथेका नामक वृक्षातून १९६६ साली काम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे करणाऱ्या संशोधकांत मनरो वॉल यांच्यासमवेत आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी होते. पेशीतील डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकराला हे द्रव्य अडवून धरते, परिणामी डीएनएची प्रत तयार होताना त्याचे धागे तुटून पेशी मरते. आणि त्याचेच सुधारलेले रूप, टोपोटेकान, फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगावर आज दिले जाते. मूळ काम्पटोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या झाडातही आहे.

परंतु मूळ द्रव्याचा क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागल्याने १९७०च्या दशकात ते प्रयोग थांबवावे लागले. रेणूत फेरफार करून आणि मात्रा मुकर्रर करूनच तो औषधाच्या पदवीस पोहोचला. काढ्यात ही मात्रा कोण मोजणार? बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ साली उजेडात आले, आणि त्या वनस्पतींतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल पुढे मूत्रमार्गाच्या कर्करोगाचेही कारण ठरले. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती तर काम्पटोथेसिनपासूनच बनविलेल्या इरिनोटेकान या औषधाच्या सक्रिय रूपाचा रक्तातील अंशच घटविते. काचपात्रातील पेशी मारल्या, एवढ्या दाखल्यावर कोणत्याही काढ्याला, मग तो चिनी असो वा देशी, रुग्णाच्या देहात प्रवेशाची मुभा देता येत नाही. ती माणसांवरील रीतसर तुलनात्मक चाचण्यांनीच मिळाली पाहिजे.

म्हणून दुधनीकर रुग्णांस व त्यांच्या नातलगांस विनंती, की काढा सुरू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, आणि त्याच्या भरवशावर केमोथेरपीची एकही तारीख चुकवू नये. तसेच डॉक्टरांनीही रागे न भरता तो प्रश्न आपण होऊन विचारावा.