लिंबची विहीर आणि रविवारचे प्रवासी

साताऱ्याच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्ग सोडून थोडे आत वळले की लिंब गाव लागते. तेथे मळ्यांच्या मध्ये एक विहीर आहे. विहीर म्हणावे तर तिच्या पोटात महाल आहे, आणि महाल म्हणावे तर त्याच्या पायाशी पाणी आहे. थोरल्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, शके 1641 ते 1646 म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात, विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. अष्टकोनी बांधणी, सुमारे 110 फूट खोली, 50 फूट व्यास; भिंतीत कोरलेले शरभ; आणि वर पंधरा मोटा चालतील एवढी जागा. त्यांपैकी बारा चालत, म्हणून नाव पडले बारा मोटांची विहीर. आमराईला पाणी द्यावयाचे एवढेच तिचे काम होते. झाडांना पाणी पाजण्यासाठी खोदलेल्या विहिरीत बसावयास दालन काढावे आणि दालनाच्या खांबांवर नक्षी कोरावी, असे ज्यांना सुचले त्यांच्या रसिकतेला आम्ही वेगळे प्रशस्तिपत्र काय द्यावे? 2024 साली या कामाला 300 वर्षे पुरी झाली.

ही विहीर आता एकाएकी लोकप्रिय झाली आहे. इतिहासाच्या पुस्तकांना जे साधले नव्हते ते प्रवाशांच्या हातांतील फोनने साधले. पुण्याहून पहाटे निघावयाचे, वाटेत मिसळ खावयाची, नऊच्या सुमारास लिंबला पोचावयाचे, विहिरीच्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढावयाची, तेथून सज्जनगड, मग कास, परतताना साताऱ्यात कंदी पेढे, आणि रात्री जेवणाच्या वेळेस घरी. एका रविवारात तीन शतके, एक समाधी आणि एक पठार! अशा सहलीचे वेळापत्रक पाहिले म्हणजे हसू येते. परंतु त्या हसण्यात तुच्छता असू नये, असे आम्हास वाटते. आठवड्याचे सहा दिवस कचेरीत घालविणाऱ्या कुटुंबाला सातवा दिवसच मोकळा मिळतो. त्या दिवशी ते बाजारपेठेच्या वातानुकूलित इमारतीत न जाता मुलाबाळांना घेऊन जुन्या दगडांकडे वळत असेल, तर त्यात समाजाचे हितच आहे. ज्या वास्तूकडे कोणी फिरकत नाही तिचे दगड हळूहळू गावच्या बांधांत आणि घरांच्या जोत्यांत जातात, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. माणसांची ये-जा हाच कित्येक स्मारकांचा एकमेव पहारा ठरलेला आहे.

तेव्हा आमची तक्रार प्रवाशांच्या येण्याबद्दल नाही. ते येतात आणि जातात, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब कोणीच ठेवीत नाही, याबद्दल आहे. अशा गावांतून सुटीच्या दिवशी जे घडते ते वाचकांनी पाहिले असेलच. कदाचित त्यात भागही घेतला असेल. बैलगाडीपुरत्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि शेतकऱ्याला स्वतःच्या रानात जावयास वाट उरत नाही. बाटल्या आणि वेष्टने मागे राहतात, ती उचलण्याचे काम ग्रामपंचायतीच्या माथी येते. लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी सजूनधजून आलेली जोडपी कठड्याच्या अगदी टोकावर उभी राहतात. खाली पाणी आहे याचे भान ना त्यांना असते, ना छायाचित्रकाराला. आणि जाता जाता कोणी तरी दगडावर आपले आणि आपल्या प्रियपात्राचे नाव कोरून ठेवतो. विरूबाईंना आपले नाव दगडावर आणण्यासाठी विहीर बांधावी लागली. या वीरांना खिशातली किल्ली पुरते!

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. याच सातारा जिल्ह्यात, शहरापासून पंचवीस किलोमीटरांच्या आत, ते एकदा शोधले गेले आहे. कासचे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच्या आगेमागे तेथे एवढी गर्दी लोटू लागली की फुले पाहावयास येणारी माणसेच फुले तुडवू लागली. तेव्हा वनखाते आणि पठारालगतच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या यांनी मिळून व्यवस्था बसविली. प्रवेशाला शुल्क ठेवले, हंगामात दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घातली, नोंदणी आधी करावयास लावली, मोटारी पठारापासून दूर थांबविल्या, आणि पहाऱ्यावर त्याच गावांतील तरुण मुले-मुली नेमली. ही व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. पठाराला घातलेले कुंपण पुढे काढावे लागले, कारण गुरे चरावयाची थांबली की पठाराचे स्वरूपच बदलते हे ध्यानात आले. कासच्या रस्त्यावर उठलेल्या बांधकामांचा वाद तर सर्वश्रुत आहे. तथापि एक गोष्ट तेथे निर्विवादपणे सिद्ध झाली. पाहुण्याकडून माफक मोल घेता येते, त्याला थांबवून ठेवता येते, परत पाठविता येते, आणि तरीही पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

मग फुलांसाठी जे जमले ते दगडांसाठी का जमू नये? वास्तविक निकड दगडांची अधिक आहे. पायदळी गेलेला तेरडा पुढच्या श्रावणात पुन्हा उगवण्याची आशा तरी असते. कारवी सात-आठ वर्षांनी का होईना, पुन्हा फुलते. शरभाचे फुटलेले नाक मात्र कोणत्याही ऋतूत उगवत नाही.

अडचण कोठे आहे ती आम्ही जाणतो. पठार एका खात्याच्या हाती होते, म्हणून एका खात्याशी बोलून काम झाले. स्मारकांचे तसे नाही. काही केंद्राच्या 1958 च्या कायद्याखाली येतात, काही राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली. काही वनखात्याच्या हद्दीत उभी आहेत, काही देवस्थानांच्या ताब्यात, काही खाजगी मालकीची, आणि पुष्कळशी कोणत्याच यादीत नाहीत. केंद्रीय कायद्यात 2010 साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शिक्षा मोठी आहे. पण किल्लीने नाव कोरणाऱ्याला पकडावयास रविवारी दुपारी तेथे माणूस कोण असतो? दाराशी एक गंजका निळा फलक असतो, त्यावरची अक्षरेही आता कोरीव लेखासारखी तज्ज्ञाकडून वाचून घ्यावी लागतात.

आणि हा प्रश्न एकट्या लिंबचा नाही. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत, सनाच्या प्रारंभीच्या शतकांतली. वेरूळ-अजिंठ्याची भव्यता तेथे शोधू नये. साधे विहार, भिक्षूंना निजावयास दगडी ओटे, क्वचित एखादा स्तूप. परंतु ज्या कराडने ही लेणी पाहिली ते कराड केवढे जागते गाव होते! मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपाचा कठडा आज कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. त्यावर ‘करहकट’ नगराच्या दानाचा लेख आहे, आणि हे करहकट म्हणजे आपले कराड, असे विद्वान मानतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कृष्णा-कोयनेच्या काठच्या एका गावाने सर्वांच्या नावाने, विंध्यापलीकडच्या स्तूपासाठी दान धाडले. एका श्रीमंताने नव्हे, नगराने. आज त्याच गावाच्या डोंगरातील लेण्यांना झाडू मारावयाचा कोणी, याचा पत्रव्यवहार खात्या-खात्यांत चालावा, हा फरक आम्हास बोचतो.

पुढे सांगलीकडे वळावे. 1949 साली साताऱ्याचे दोन तुकडे होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे ही दोन घरे एकाच वाड्यातली. मिरजेच्या पूर्वेस दंडोबाच्या डोंगरात खोदलेले शिवाचे देऊळ आहे. श्रावणात तेथे सांगली-मिरजेची माणसे शिदोऱ्या बांधून जातात. तीही एका दिवसाचीच सहल, आणि आजच्या सहलींहून फार जुनी. देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वराचा मंदिरसमूह आहे, एका मोठ्या देवळाभोवती लहान लहान देवळांची दाटी. त्याच्या पाठीशी जे अभयारण्य आहे ते निसर्गाने आपण होऊन दिलेले नव्हे. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे लाविली, राखली, हरणे सोडविली आणि 1985 साली शासनाला ते अभयारण्य म्हणून जाहीर करावयास लाविले. ज्या मुलखात माणसे बोडक्या डोंगराचे रान करतात त्या मुलखाला चार देवळांची देखभाल झेपणार नाही, हे आम्ही मान्य करीत नाही.

इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्रसिद्ध शिळावर्तुळाची कथा येथे सांगण्यासारखी आहे. तेथेही लंडनहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचीच गर्दी असते. एकेकाळी लोक तेथल्या शिळांचे टवके आठवण म्हणून फोडून नेत. 1915 साली सेसिल चब नावाच्या गृहस्थांनी ती जागा लिलावात 6,600 पौंडांना घेतली आणि 1918 साली राष्ट्राला देऊन टाकली. देताना त्यांनी अटी घातल्या, त्यांतील एक अशी की आसपासच्या रहिवाशांना तेथे विनामूल्य जाता यावे. 1978 पासून सामान्य प्रेक्षकाला शिळांपाशी जाऊ न देता दोराबाहेरून पाहावे लागते, आणि 2013 पासून मोटारी सुमारे दोन किलोमीटर दूर थांबवून माणसांना तेथून नेले जाते. परक्यांचे सर्वच उचलावे असे आमचे म्हणणे नाही. लिंबच्या विहिरीला दोर बांधून लांबून पाहावयास लाविले तर पाहण्यासारखे काही उरणारच नाही, ती उतरूनच पाहावयाची वास्तू आहे. परंतु गावकऱ्याला मोकळे दार आणि पाहुण्याला शिस्त, ही चबसाहेबांची वाटणी आम्हास मनापासून पटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की पैसा आला की तंटा आला. पावतीपुस्तक कोणाच्या हाती असावे यावरून गावात दोन तट पडतील. भीती खरी आहे. परंतु तंटा आजही आहे, फक्त तो वाहने उभी करण्याच्या पैशांवरून आणि चहाच्या टपऱ्यांच्या जागांवरून आहे, आणि त्यातला एक रुपयाही दगडाच्या वाट्याला जात नाही. ग्रामसभेपुढे दर तिमाहीस हिशेब वाचला जाण्याची सक्ती केली तर तंट्याला निदान आकडे तरी मिळतील. दुसरा आक्षेप आमच्या वाचकवर्गाकडूनच येईल: आपलाच वारसा पाहावयास आम्ही पैसे का द्यावेत? ज्या गृहस्थाला एका कपभर कॉफीचे दोनशे रुपये देताना हा प्रश्न पडत नाही, त्याला तो तीनशे वर्षांच्या विहिरीपाशीच पडावा, याचे आम्हास नवल वाटते.

2025 च्या जुलैत मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत साताऱ्याचा प्रतापगड आहे, आणि त्याचा आनंद आम्हासही झाला. पण यादीत गेलेल्या किल्ल्याकडे वळलेला प्रवासी वाटेतली विहीर, लेणी, देऊळ हेही पाहणार. किल्ल्यासाठी आराखडे होतील, बैठका होतील, निधी येईल. वाटेतल्या स्थळांना फक्त गर्दी येईल. म्हणून साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी संबंधित सर्व खाती आणि त्या त्या गावांचे सरपंच एका टेबलाशी बसवावेत, असे आम्ही सुचवितो. आरंभ फार थोड्यावर होऊ शकतो: गावाबाहेर मोटारी थांबविण्यास जागा, एक स्वच्छतागृह, रविवारी एका वेळी आत किती माणसे सोडावयाची याचा आकडा, शुद्ध मराठीत लिहिलेला वाचता येण्याजोगा फलक, आणि विहिरीची गोष्ट नीट सांगू शकतील अशी गावातलीच चार मुले. कासच्या पहाऱ्यावर उभे राहिलेले तरुण अजून त्याच जिल्ह्यात आहेत. त्यांतील दोघांना महिनाभर लिंबला पाठविले, तरी पुढचा हंगाम वेगळा जाईल.