पाना हातात तर घ्या!

गाडी बंद पडली की तुम्ही काय करता, सांगू? आधी सेल्फ दाबून दाबून बॅटरी उतरवता. मग आठ-दहा किका. मग मित्राला फोन. तो येतो आणि तोही आठ-दहा किका मारतो, कारण त्यालाही तेवढंच येतं. शेवटी दोघं मिळून गाडी ढकलत गॅरेजला. वाटेत कोणी विचारलं, ‘प्लग काढून बघितला काय?’ तर एकमेकांच्या तोंडाकडे बघता.

हसत नाहीये मी. दोन वर्षांपूर्वी माझीही हीच गत होती आणि वर मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. टू-स्ट्रोक इंजिनची आकृती पेन्सिलीने झकास काढून, ट्रान्स्फर पोर्ट, एक्झॉस्ट पोर्ट बाणांनी दाखवून पैकीच्या पैकी मार्क घेतलेली मुलगी. पोर्ट प्रत्यक्षात कधी पाहिलाच नव्हता. आणि टू-स्ट्रोक इंजिन होतं कुठं? आमच्याच घरात, कोल्हापुरात, जिन्याखाली, गोणपाटाखाली. बाबांची आरएक्स हंड्रेड. नऊ वर्षं एका जागी.

युरोप-अमेरिकेतली पोरं घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या स्पोर्ट्स कार खोलून बसतात, ते व्हिडिओ तुम्हीही रात्री दोनपर्यंत बघत असाल. मीही बघते. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ सारख्या छोट्या गाडीचं कौतुक असं की जुन्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची सेवा जपानमध्ये खुद्द कंपनीनेच सुरू केली, बंद झालेले पार्ट पुन्हा बनवायला घेतले. आपल्या वाट्याला असली कार कुठली यायला! आपल्या आई-बाबांच्या पिढीची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. १९८५ ला आली, १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी बंद झाली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ बीएचपी. आकडे ऐकून तुम्हाला हसू येईल, पण गाडीचं वजन जेमतेम शंभर किलो, त्यामुळे सिग्नल सुटला की पुढचं चाक हलकं व्हायचं. आजही तिच्यासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात.

तसाच एक जण आमच्याकडे आला. रोख रक्कम घेऊन. बाबा जवळजवळ ‘हो’ म्हणाले होते. आईला तर जिन्याखालची जागा हवीच होती. मी मध्ये पडले, म्हटलं, महिनाभर थांबा, मी चालू करून दाखवते. नाही झाली तर द्या. बाबा म्हणाले, ‘तू?’ एवढंच. त्या ‘तू’ मध्ये सगळं आलं.

पहिल्यांदा मीही सरळ रस्ता धरला. टेम्पोत घालून गाडी एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली, किकवर पाय ठेवला, ती हलली नाही, आणि निकाल दिला: पिस्टन, बोअर, क्रँक, सगळं करावं लागणार, अठरा हजार. मी विचारलं, ‘का?’ तर म्हणाला, ‘ताई, बाबांना पाठवून द्या, त्यांना सांगतो.’ गाडी पुन्हा टेम्पोत घातली.

तो माणूस लुबाडत होता असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याचा अंदाज बरोबरही निघाला असता. पण त्याने प्लगसुद्धा काढला नव्हता आणि त्याने तो काढायला हवा होता, हे मला माहीत नव्हतं. मुद्दा इथंच आहे. ज्याला काहीच माहीत नाही, त्याला साधा प्रश्नही विचारता येत नाही. तो फक्त विश्वास ठेवू शकतो किंवा संशय घेऊ शकतो. आपण बहुतेक जण हेच करतो: समोरचा फसवतोय असं धरून चालतो आणि तरी पैसे देतो.

मला मार्ग दाखवला तो उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्री काकांनी. ते आता काम करत नाहीत, मुलाच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. म्हणाले, ‘पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन. ह्या तिघांतला कोण गावाला गेलाय ते आधी बघ बाळ. मग पाना धर.’

पूर्ण सेमिस्टरच्या नोट्समध्ये नव्हतं एवढं या एका वाक्यात होतं. प्लग काढला. किक हलत नव्हती म्हणून प्लगच्या भोकातून थोडं ऑईल आत सोडलं आणि दोन दिवस गाडीला हात लावला नाही. हे सगळ्यात अवघड काम. तिसऱ्या दिवशी किक हाताने हळूहळू दाबली तर पिस्टन सुटला. नऊ वर्षांत रिंगा गंजून भिंतीला धरल्या होत्या, बाकी काही नाही. मग प्लग टोपीत बसवून इंजिनच्या हेडला टेकवला (पेट्रोलपासून लांब, हे विसरू नका) आणि किक मारली. बारीक निळी ठिणगी. करंट होता! भोकावर अंगठा ठेवून किक मारली, तर दाबाने अंगठा उडवला. म्हणजे कॉम्प्रेशनही बऱ्यापैकी होतं. राहिलं पेट्रोल.

कार्बोरेटरची वाटी उघडली तर आत तपकिरी, चिकट, थेट काकवीसारखा थर. पेट्रोल वर्षानुवर्षं उभं राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेलं असं घट्ट होतं. जेटचं भोक तर दिसतही नव्हतं. इथं माझ्या हातून पहिली चूक होता होता राहिली. मी आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन ते कोरायला बसले होते. काका फोनवर ओरडलेच. जेटचं भोक सुईने केसभर जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जाणार आणि गाडी कायम धूर ओकत राहणार. क्लीनरचा स्प्रे मारायचा, रात्रभर भिजवायचं आणि पंक्चरवाल्याकडे जाऊन हवेने फुंकून घ्यायचं. तसंच केलं. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन साधारण दीड फेरा बाहेर काढला, टाकीतला गंज धुतला, नवं पेट्रोल घातलं.

अजून एक गोष्ट, जी या गाडीवाल्यांनी डोक्यात कोरून ठेवावी. हिच्यात टू-टी ऑईलची वेगळी टाकी असते आणि छोटा पंप ते इंजिनला पुरवतो. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या नळीत हवा भरलेली असते. म्हणजे गाडी चालू होईल, तुम्ही नाचाल आणि ऑईल न मिळाल्याने दोन किलोमीटरवर पिस्टन जाम. म्हणून नळीतली हवा काढायची आणि पहिल्या पेट्रोलमध्ये थोडं ऑईल थेट मिसळायचं. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, काकांनी सांगितलं.

सातव्या किकला गाडी चालू झाली. गल्लीभर निळा धूर. शेजारच्या काकू कपडे काढायला गच्चीत पळाल्या. बाबा काही बोलले नाहीत, नुसता ॲक्सिलरेटर पिळत उभे राहिले. त्या खरेदीदाराला मात्र त्याच संध्याकाळी नकार गेला. एकूण खर्च चार हजारांच्या आत. आरसीची मुदत कधीच संपली होती. पंधरा वर्षांनंतर आरटीओची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तपासणी, विमा, पीयूसी, पर्यावरण कर या सगळ्यात इंजिनापेक्षा जास्त दिवस गेले. त्यावर लिहायला वेगळी पुरवणी लागेल.

तर माझं म्हणणं असं की, तुमची गाडी कुठलीही असो, मेकॅनिककडे टाकण्याआधी एकदा स्वतः उघडून बघा. ‘आता कुठं राहिल्यात तसल्या गाड्या’ हे मला ऐकवू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांत कार्बोरेटर जवळपास संपला हे खरं. सेन्सर आले, स्कॅनर आला. सरकारनेही २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ साठी समिती नेमली, पोर्टल काढलं, म्हणजे दुरुस्तीचा हक्क आपल्या हातून निसटतोय हे वरही कळलेलं आहे. पण चेन साफ करून ताणायला, एअर फिल्टर झटकायला, प्लग बघायला, ब्रेकची केबल ओढायला कुठला स्कॅनर लागतो? हक्क मागायचा आणि मॅन्युअलचं पहिलं पानही उघडायचं नाही, हे काही जमणारं गणित नाही.

‘वेळ कुठाय?’ हा दुसरा मुद्दा. रील बघायला आहे ना? पुढे. ‘मिस्त्रींच्या पोटावर पाय येतो.’ उलट आहे. मी हात काळे करायला लागल्यापासून त्यांच्या दुकानात माझं जाणं वाढलंय. फक्त आता मी ‘गाडी नीट चालत नाही’ असं सांगत नाही. ‘गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरला ओढत नाही, प्लग काळा पडतोय’ असं सांगते. निम्मं काम तिथंच होतं, आणि ते ‘बाबांना पाठवा’ म्हणत नाहीत. मुलींनो, हे शेवटचं खास तुमच्यासाठी. गॅरेजमध्ये आपल्याशी नीट बोललं जावं म्हणून भावाला सोबत नेण्यापेक्षा प्लगचा रंग ओळखायला शिकणं सोपं आहे. स्वस्त तर आहेच.

पण आता जे सांगणार आहे ते व्हिडिओवाले सांगत नाहीत.

गाडी रस्त्यावर येऊन चार महिने झाले होते. मला चांगलाच माज चढला होता. मागचे ब्रेक शू मीच बदलले. (जुन्या शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.) या गाडीत मागच्या ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला स्विंग आर्मशी धरून ठेवते. पट्टीला नट आणि नट सुटू नये म्हणून त्याच्या आरपार स्प्लिट पिन. सगळं बसवलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक मस्त लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेला. मी पसारा आवरत होते. वर्तमानपत्राची घडी उचलली आणि त्यातून ती पिन फरशीवर पडली.

एवढीशी पिन. पाच रुपयांचीही नाही. तो नट सुटला असता तर उतारावर ब्रेक दाबल्यावर ती प्लेट चाकाबरोबर गरकन फिरली असती, ब्रेकचा रॉड उखडला असता आणि चाक जागेवर जाम. पन्हाळ्याच्या घाटात. आठ वेळा फोन लावला, नवव्यांदा उचलला. वाघबीळला मिसळ खायला थांबला होता. म्हटलं, गाडीला हात लावू नकोस. मैत्रिणीच्या स्कूटीवरून पाना आणि पिन घेऊन मी तिथं पोचले तेव्हा तो नट शेवटच्या दोन आट्यांवर उभा होता. बोटांनी फिरला. भाऊ अजून हा किस्सा हसून सांगतो. मला अजून हसू येत नाही.

त्या दिवसापासून माझी एक रेषा आहे. गाडी बंद पाडणारी चूक आपली आपण करावी, खुशाल. कार्बोरेटर उलटा बसवा, गाडी चालू होणार नाही, एवढंच. पण माणूस पाडणारी चूक होऊ शकते तिथं, म्हणजे ब्रेक, चाकाचे नट, हँडल, पुढचे फोर्क, स्वतः काम केलं तरी दुसऱ्या जाणत्या नजरेखालून घातल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मी आता ब्रेकचं काम काकांच्या दुकानासमोर बसूनच करते. ते चहा पीत बघतात आणि शेवटी एकच विचारतात, ‘काय उरलं?’

आणि ज्यांना ‘स्वतः काम करणं’ म्हणजे सायलेन्सरची जाळी काढून गल्ली दणाणून सोडणं वाटतं, त्यांच्यासाठी दोन ओळी. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. त्यातून उलट येणारी दाबाची लाट ताजं मिश्रण बाहेर निसटू देत नाही. जाळी काढलीत की आवाज वाढतो आणि ओढ जाते. जाळीवरचा काजळीचा थर खरवडून ती परत बसवलीत तर गाडी खरंच पळते. शिवाय पोलिसांच्या रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो तुम्ही बघितलेच असतील.

धुराचं मात्र मी समर्थन करणार नाही. टू-स्ट्रोक गाडी थोडं पेट्रोल न जाळताच बाहेर टाकते, त्यावर पान्याचा इलाज नाही. म्हणून आमची गाडी रोज कॉलेजला जात नाही, रविवारी निघते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या-वायसर खराब करतं. त्यामुळे जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर मी कार्बोरेटर रिकामा करून ठेवते. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढं आजच करा.

बाकी सुट्टी लागतेच आहे. आठपासून सतरा नंबरपर्यंतचे पाने, एक प्लग पाना, आणि स्क्रू ड्रायव्हर घेताना जपानी गाड्यांच्या खाचेला नीट बसणारा मागून घ्या. नेहमीचा फिलिप्स घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो, मी पाच खाल्लेत. प्रत्येक पार्ट काढण्याआधी मोबाईलने फोटो काढा. नट आणि पिना ठेवायला एक वाटी घ्या. स्टीलची घ्या, पण आईच्या रोजच्यातली नको. आमच्याकडे त्यावरून अजून बोलणं ऐकावं लागतं.